साल बाराशे बासष्ट

तारीख : पौष शुद्ध दशमी, शनिवार. वेळ दुपारी दीडची ठरलेली, सुरुवात पावणेदोनला. स्थळ : अमरावती, स्त्रियांच्या वाचनालयाचा वरचा दिवाणखाना.

हजर : परीक्षक, म्हणजे शिक्षण खात्याचे नागपूरचे साहेब. अध्यक्ष, वकीलीणबाई. परीक्षेच्या मुली पाच. अमरावती, अकोला, अकोट, बाळापूर आणि वरूड यांची प्रत्येकी एक. मुलींबरोबर आलेली माणसं नऊ. गावातल्या श्रोत्या साठाच्या आसपास. सतरंज्या कमी पडल्या. घड्याळ, घंटा, चिठ्ठ्या आणि गुणांची वही सांभाळायला मी. गैरहजर : कोणी नाही.

हे पान माझ्याच अक्षरातलं आहे. सतरा वर्षं झाली. मी तेव्हा बावीस वर्षांची होते आणि वाचनालयाची चिटणीस म्हणून मला चारच महिने झाले होते. तरी माझी ख्याती पसरली होती की हिच्या यादीतून काही सुटत नाही. सतरंज्या किती आल्या, किती परत गेल्या, कुठल्या पुस्तकाचं शेवटचं पान फाटलं, कोणाची छत्री कोणाकडे गेली, सगळं माझ्या वहीत असे. वकीलीणबाई म्हणत, "हिला विचारा. आपल्या शिंकासुद्धा लिहून ठेवल्या असतील हिने."

त्या परीक्षेला आम्ही प्रश्नोत्तरी म्हणत होतो. इतिहास, वाङ्मय, कला आणि धर्म या चार विषयांवरचे नऊ प्रश्न आणि दहावा वऱ्हाडचा. सगळं तोंडी, भरल्या दिवाणखान्यात, उभं राहून. बक्षीस एकच होतं आणि त्यासाठीच मुली इतक्या लांबून आल्या होत्या. पहिली येईल तिला अमरावतीच्या अध्यापिका वर्गात जागा, राहण्याजेवणासकट. दोन वर्षांनी ती शिक्षिका होऊन बाहेर पडणार.

अकोल्याची मुलगी सकाळच्या गाडीने वडिलांबरोबर आली. बडनेऱ्याला गाडी बदलून, टांगा न करता, स्टेशनपासून दोघं चालत. पंधराच्या आतबाहेर वय, हिरवं लुगडं, हातात शेवंतीची आणि मेथीची टोपली. मोर्णा नदीच्या काठी त्यांची भाजीची वाडी होती. मी जिन्याखाली नावं लिहून घेत बसले होते. तिने टोपली माझ्या वहीशेजारीच ठेवली.

"बाई, शेवंती साऱ्यायसाठी अन् मेथी तुमच्यासाठी. सोपे प्रश्न टाका म्हून नाई आनली. घरी लय झाली होती."

"चूप बस वं," वडील म्हणाले. मग माझ्याकडे वळले. "अकोल्यापासून तोंड बंद नाई हिचं. डब्यातल्या एका म्हातारीले नऊ रस पाठ करून देल्ले."

"आठच झाले बाबा. शांत रस राह्यला. तिचं ठेसन आलं."

मी हसले. हसताना मी यादी सोडून वर पाहिलं, हे मला आठवतं, कारण मी सहसा वर पाहत नसे.

मुलगी हात धुवायला गेली तेव्हा वडिलांनी मला विचारलं, निकाल कधी लागेल. मी सांगितलं, इथंच, साडेतीनच्या आत. ते म्हणाले, "बरं हाय. वरूडचे पाव्हने पाहून गेले हिले. म्या त्यायले सांगतलं, पोट्टी पहिली आली तं शिकीन. नाई आली तं फाल्गुनात लगीन. शब्द देल्ला हाय. इकडचा बी अन् तिकडचा बी." मुलीला हे ठाऊक होतं. हात पुसत ती परत आली तेव्हा तिने वडिलांच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाली, "सांगतलं का फाल्गुनाचं? साऱ्या गावाले सांगता तुमी."

आता चिठ्ठ्यांविषयी, कारण पुढचं सगळं त्यावर आहे.

प्रश्न साहेबांनी नागपूरहून लांब कागदावर लिहून पाठवले होते. त्यांच्या सुबक चिठ्ठ्या करणं माझ्याकडे होतं. एक प्रश्न, एक चिठ्ठी, एक ओळ. हा एका ओळीचा नियम मला कोणी घालून दिला नव्हता. तो माझाच होता. प्रश्न लांबला की मी त्यातलं काहीतरी कमी करत असे. साहेबांच्या कागदावर अकोल्याच्या मुलीचा दहावा प्रश्न असा होता : वऱ्हाड प्रांत निजामाकडून इंग्रजांकडे कोणत्या इसवी सनात आला? माझ्या चिठ्ठीवर तो असा झाला : वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे कोणत्या साली आला? एका ओळीत नीट बसला. मला समाधान वाटलं.

अमरावतीच्या मुलीचा क्रमांक पहिला होता. हुशार, शांत, स्पष्ट बोलणारी. दहापैकी साडेआठ. अकोटची सहा. बाळापूरची मुलगी घाबरून दुसऱ्याच प्रश्नाला रडली, तरी तिने पाच मिळवले. वरूडची सात. अकोल्याची शेवटी.

ती उभी राहिली आणि दिवाणखाना जागा झाला. दगडावर दगड, चुन्याशिवाय, अशी देवळं कुठली? हेमाडपंती. अजिंठ्याची चित्रं कोणत्या धर्माची? बौद्ध. बाळापूरचा किल्ला कोणत्या दोन नद्यांच्या मध्ये? "मन अन् म्हैस," ती म्हणाली, आणि बायका हसल्या तशी तीही हसली. साहेबांनी विचारलं, ओवीचे चरण किती? तिने उलट विचारलं, "जात्यावरची का पोथीतली?" साहेबांनी चष्मा काढून पुसला. "पोथीतली." "चार. चौथा आखूड." साहेब वकीलीणबाईंकडे वळून म्हणाले, "या मुलीला प्रश्न विचारायचा तर आधी आपण अभ्यास करायला हवा."

आठवा प्रश्न तिचा चुकला. नऊ प्रश्नांना आठ गुण. मी बेरीज करून ठेवली होती. दहावा बरोबर आला की नऊ, म्हणजे पहिली. कोपऱ्यात तिचे वडील पटका मांडीवर घेऊन बसले होते. त्यांना बेरीज कोणी सांगितली नव्हती, पण बोटांवर त्यांनी ती केलेली दिसत होती.

मी चिठ्ठी दिली, साहेबांनी वाचली. वऱ्हाड निजामाकडून इंग्रजांकडे कोणत्या साली आला?

तिने क्षणभरही घेतला नाही. "बारासे बासट."

साहेब थांबले. "पुन्हा सांग."

"साल बारासे बासट."

"बाराशे बासष्ट!" साहेबांनी चिठ्ठी खाली ठेवली. "मुली, तेव्हा इंग्रज जहाजात तरी बसले होते का?"

दिवाणखाना फुटला. साठ बायका एका खोलीत हसल्या की त्याचा आवाज जिन्यावरून रस्त्यापर्यंत जातो. मुलगी हसली नाही. ती म्हणाली, "बराबर हाय साहेब. आमच्या इहिरीवर कोरलं हाय."

"विहिरीवर?"

"हो ना. आज्यानं कोरलं. इहीर खांदली त्याच साली राज पलटलं."

मागून कोणीतरी म्हणालं, "माळ्याच्या विहिरीत इतिहास निघाला, पोहरा टाका." पुन्हा हसू. साहेबांनी हात वर केला, पण तेही हसत होते. मीही हसले. हे नोंदीतून राहायला नको.

हसणं चालू असतानाच माझं हसणं थांबलं. माझे वडील तहसिलीत कारकून होते. जुन्या कागदांवरचं फसली साल, म्हणजे शेतसाऱ्याच्या हिशेबाचं साल, मी लहानपणापासून पाहिलेलं. ते कुळांच्या पावत्यांवर असायचं, सातबाऱ्याच्या आधीच्या बाडांवर असायचं. इंग्रजी आकडा हवा तर पाचशे नव्वद मिळवायचे, हे वडिलांनी मला पाढ्यांबरोबर शिकवलं होतं. वहीच्या समासात मी पेन्सिलीने मांडलं : बाराशे बासष्ट अधिक पाचशे नव्वद. अठराशे बावन्न.

उत्तर होतं अठराशे त्रेपन्न. साहेबांच्या कागदावर तसंच होतं.

एका सालाचा फरक. मला जो सुटल्यासारखा श्वास आला तो मी आजही विसरले नाही. म्हणजे फसली धरलं तरी चूकच. म्हणजे माझ्या 'साली'ने काही बिघडलं नाही. म्हणजे उठून साठ बायकांसमोर, साहेबांसमोर, वकीलीणबाईंसमोर मला म्हणायची गरज नाही की प्रश्नातला शब्द मी बदलला. मी शून्य लिहिलं, घंटा वाजवली. घड्याळात तीन वाजून दहा मिनिटं झाली होती. सगळं वेळेत होतं.

निकाल साहेबांनी वाचला. अमरावतीची मुलगी पहिली. टाळ्या झाल्या. साहेब पाचच्या गाडीने जायचे म्हणून चहा लवकर मांडला.

अकोल्याची मुलगी आणि तिचे वडील चहाला थांबले नाहीत. जिन्याखाली मी रिकामी टोपली परत देत होते तेव्हा तिने मला हळूच विचारलं, "बाई, चिठ्ठीत काय लिवलं होतं? साल का इसवी?"

तिला कळलं होतं. पंधरा वर्षांच्या मुलीला जिना उतरता उतरता कळलं होतं.

मी म्हणाले, "परीक्षेत सगळीकडे इसवीच धरतात."

"मंग वाचताना साल काहून म्हनलं?"

"चल वं," वडील म्हणाले. त्यांच्या आवाजात राग नव्हता. त्यांना फक्त तिथून बाहेर पडायचं होतं. तिने टोपली कमरेवर घेतली. मेथी तेवढी माझ्याकडे राहिली. ती मी त्या दिवशी केली नाही, दुसऱ्या दिवशीही नाही. तिसऱ्या दिवशी ती पिवळी पडली.

फाल्गुनात तिचं लग्न वरूडला झालं, हे मला अकोल्याच्या शाळेतल्या बाईंच्या पत्रातून कळलं. पत्र मी फाइलला लावलं. अमरावतीची मुलगी अध्यापिका वर्गात गेली, शिक्षिका झाली, आता एका शाळेची मुख्याध्यापिका आहे. चांगली बाई आहे. वाचनालयाच्या प्रत्येक कार्यक्रमाला वेळेवर येते. तिच्याविषयी मला एक शब्दही वावगा लिहायचा नाही.

मधल्या वर्षांत मी त्या गोष्टीचा विचार केला नाही असं म्हणणार नाही. केला, पण प्रत्येक वेळी समासातली बेरीज आठवायची आणि मी शांत व्हायची. एक साल कमी पडत होतं. मी हिशेबात चूक करणारी बाई नाही.

गेल्या वैशाखात वाचनालयाच्या कामाने मी अकोल्याला गेले. आमची काही पुस्तकं तिथल्या शाळेकडे दोन वर्षं अडकली होती, ती मोजून आणायची होती. अकरापैकी नऊ मिळाली. गाडीला तीन तास होते. मी मोर्णेकडे चालत गेले. वाडी शोधायला वेळ लागला नाही. शेवंतीचे वाफे अजून होते.

वडील खूप म्हातारे झाले होते. त्यांनी मला ओळखलं नाही. मी अमरावतीची, प्रश्नोत्तरीतली, घंटा वाजवणारी, असं सांगितल्यावर त्यांना आठवलं. मग बाजेवरची गोधडी झटकून म्हणाले, "बसा बाई."

मी मुलीची चौकशी केली.

"सहा सालं झाली तिले जाऊन. तापानं गेली. दोन लेकरं हायेत, वरूडलेच राह्यतेत."

ते बोलत राहिले. लग्नानंतर ती माहेरी यायची, कामाला वाघीण होती, संत्र्याचा बार, म्हणजे बहर, कधी धरायचा हे सासऱ्याच्या आधी तिला समजायचं. पण एक गोष्ट. "त्या दिवसापासून बाई, तिले काही विचारलं का एकच म्हने. मले काय माहीत. पोरगं विचारे, माय, चांदनी कोनती? मले काय माहीत. आमी म्हनलो, अवं तुले तं सारं माहीत होतं. तं म्हने, मले काय माहीत बाबा. वाफ्यात निंदताना आंधी म्या एक विचारावं अन् तिनं दहा सांगावं. मंग नुसतं निंदलं."

पाणी द्यायला ते उठले, म्हणून मीही विहिरीकडे गेले. काठाला, मोटेच्या बाजूला, दगड बसवलेला होता. देवनागरी आकडे, वेडेवाकडे, खोल : १२६२. त्यावर शेवाळ नव्हतं. कोणीतरी तो घासून स्वच्छ ठेवत होतं.

मी माझ्या पद्धतीने बोलले. म्हटलं, "हे फसली साल आहे ना? पाचशे नव्वद मिळवले की अठराशे बावन्न येतं. राज्य बदललं ते त्रेपन्नला. एक साल चुकतं बाबा."

त्यांनी पोहरा काठावर ठेवला. माझ्याकडे पाहिलं ते दयेनेच. "पानी उन्हाळ्यात लागलं बाई. मिरगाच्या पयले. राज बी त्याच उन्हाळ्यात पलटलं. तुमचं इंग्रजी साल जानेवारीले बदलते. आमचं मिरगाले बदलते. मंग मिरगापर्यंत जुनंच साल चालू राह्यलं का नाई?"

मी तिथंच, विहिरीच्या काठावर, बोटांवर केलं. जानेवारीनंतर पण मृगाच्या आधी आलं तर पाचशे नव्वद नाही, पाचशे एक्क्याण्णव. तह झाला तो मे महिन्यातला. बाराशे बासष्ट अधिक पाचशे एक्क्याण्णव. त्रेपन्न.

काळ्या मातीत राहणाऱ्या कोणालाही हे माहीत आहे. तहसिलीतल्या कारकुनाच्या मुलीला माहीत असायलाच हवं होतं. माझ्या वडिलांनी मला बेरीज शिकवली होती. साल कुठं बदलतं ते त्यांनी सांगितलंही असेल, मी लिहून घेतलं नसेल.

"मंग तवा बराबर होतं का तिचं?" म्हाताऱ्यांनी विचारलं.

"बरोबर होतं."

"पक्कं?"

"पक्कं. चिठ्ठीत चूक होती. माझी. साहेबांनी इसवी सन विचारला होता, मी 'साली' असं लिहिलं."

पोहऱ्यातलं पाणी त्यांनी दगडावर ओतलं आणि हाताने आकड्यांतली माती काढली, जशी ते रोज काढत असतील. मग म्हणाले, "तुमच्या वहीत काय लिवलं हाय?"

"शून्य."

"मंग ते दुरुस्त करा. अन् एक कागद धाडा, शिक्क्याचा. पोस्टमन वाचून दाखवीन मले. मंग म्या वरूडले धाडीन, तिच्या लेकीले. तिले सांगतेत ना घरी, का तुह्या मायचं अमरावतीत हसं झालं होतं." पुढे ते म्हणाले, "मले घाई नाई. पन लय उशीर बी करू नका."

गाडीत मी यादी केली. एक, वही काढणे. दोन, नोंद दुरुस्त करणे. तीन, वकीलीणबाईंची सही. चार, कागद, शिक्का, टपाल. एका आठवड्याचं काम.

वही काढली. वाळवी लागलेली नाही. मी दर पावसाळ्यात कडुनिंबाचा पाला घालते. पान सापडलं. शून्य आहे, सुंदर गोल. समासात माझी पेन्सिलीची बेरीज आहे, अजून वाचता येते. ती पाहिली आणि माझा हात थांबला. शून्य खोडून एक करणं सोपं आहे. पण ती बेरीज तिथं का आहे, हे कोणीही विचारेल. त्या दिवशी तीन वाजून दहा मिनिटांनी मला शंका आली होती, मी ती तपासली होती, आणि सोयीचं उत्तर मिळाल्यावर गप्प बसले होते, याचा तो पुरावा आहे. खोडरबर टेबलावरच होतं. ते मी खणात ठेवलं आणि खणाला कुलूप घातलं.

वकीलीणबाईंकडे गेले. त्या आता फारशा उठत नाहीत. त्या म्हणाल्या, "अगं, ती पोर गेली. दुसरीचं आयुष्य उभं राहिलं. कोणाला काय मिळणार आता?" मी म्हटलं, एका म्हाताऱ्याला एक कागद. त्या म्हणाल्या, "तू मजकूर लिहून आण, मग मी सही करते. कारण काय लिहिणार ते मात्र तू ठरव."

कारण मला माहीत आहे. इथं मी ते दोनदा लिहिलं. वहीत, शाईने, तारखेसह, माझ्या सहीने, एकदाही लिहिलेलं नाही.

दर सोमवारी मी आठवड्याची नवी यादी करते. झालेली कामं खोडते, उरलेली पुढच्या पानावर नेते. वैशाख गेला, मृग लागून गेला, साल बदललं. या सोमवारच्या यादीत बारा कामं होती. अकरा झाली : कपाटाच्या काचा, मासिकांची बांधणी, अकोल्याची राहिलेली दोन पुस्तकं, सगळी. बारावं नव्या पानावर नेलं आहे, पहिल्या ओळीत : प्रश्नोत्तरी, अकोला, दहावा प्रश्न, दुरुस्ती, मोर्णेकाठी कागद पाठवणे.